नाव क्वालिटी इंजिनीअर झालं, पण मीटिंगला बोलावतात का?

पत्र: ताई, मी कुडाळची. पुण्याच्या एका कंपनीत सहा वर्षं मॅन्युअल टेस्टर (ॲप हाताने वापरून चुका शोधणारी) आहे, त्यातली शेवटची तीन घरूनच. आमचं ॲप आंबा, काजू, मासे ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी आहे. मागच्या महिन्यात मॅनेजरनी सांगितलं की क्यूए टीम (आम्हा टेस्टरची वेगळी टीम) बंद, आता प्रत्येक टीममध्ये एक क्वालिटी इंजिनीअर बसणार आणि ऑटोमेशन (टेस्ट प्रोग्रामने आपोआप चालवणं), परफॉर्मन्स, सिक्युरिटी, एआय सगळं त्यानेच बघायचं. पगाराचं काही बोलले नाहीत. गेल्या सीझनला मी फोंडाघाटात बसमधून आमच्याच ॲपवर पेटी मागवली, नेटवर्क गेलं, पैसे कटले पण ॲप म्हणालं फेल, परत दाबलं तर परत कटले आणि दोन ऑर्डरी पडल्या. बग (चूक) नोंदवला तर डेव्हलपरनी 'माझ्याकडे होत नाही' म्हणून बंद केला. इथे या विषयावर बोलायला कोणी नाही, मीटअप सगळे पुण्यात. बाबा म्हणतात तलाठी भरतीचा फॉर्म भर. आई म्हणते, "तुझा ता टेस्टिंग म्हंजे नेमक्या काय ता माका अजून समजाक नाय." काय करू? — गोंधळलेली टेस्टर, कुडाळ

उत्तर: अगं, आईला सांग तिचा प्रश्न एकदम बरोबर आहे, कारण पत्रावरून तरी असं दिसतंय की तुझ्या मॅनेजरलाही त्याचं उत्तर अजून नीट ठरवता आलेलं नाही.

घाबरू नकोस असं मी म्हणणार नाही, थोडं घाबरण्यासारखं आहेच. पण हे खूळ काही तुमच्याच कंपनीत शिरलेलं नाही. पूर्वी सहा-सहा महिन्यांनी रिलीज व्हायचा, डेव्हलपर मंडळी सगळं लिहून मोकळी व्हायची आणि शेवटचे दोन आठवडे टेस्टरच्या गळ्यात, एक्सेलमध्ये शेकड्यांनी टेस्ट केस, पास-फेल भरत बसायचं आणि रोज संध्याकाळी कोणीतरी विचारणार आज किती झाल्या. आपल्याकडच्या मोठ्या आयटी कंपन्यांनी तर यावर अख्खी टेस्टिंगची खाती उभी केली. २००१ मध्ये अजाईलचा (थोडं थोडं करून वारंवार रिलीज करायच्या पद्धतीचा) जाहीरनामा आला, मग हळूहळू रिलीज महिन्यावर, आठवड्यावर आणि आता कितीतरी ठिकाणी दिवसातून चार वेळा, मग त्यात ते शेवटचे दोन आठवडे आणायचे कुठून? मायक्रोसॉफ्टनेसुद्धा २०१४ च्या सुमाराला टेस्टर वेगळे आणि डेव्हलपर वेगळे ही वाटणी मोडली. म्हणजे आंबा बागेतच निवडून पेटीत भरायचा, वाशीला पेटी उघडल्यावर डागी फळं मोजत बसायचं नाही, एवढंच चाललंय सगळीकडे. कल्पना चांगली आहे, माझा त्याला विरोध नाही.

माझा विरोध आहे तो नाव बदलून काम तेच ठेवण्याला. तुझी भूमिका खरंच वाढली की नुसतं ओझं वाढलं हे ओळखायची माझी कसोटी सोपी आहे, तू कुठल्या मीटिंगला असतेस ते बघ. नवीन फीचर अजून कागदावर आहे, कोणी एक ओळ कोड लिहिलेला नाही, तेव्हा तुला बोलावतात का? की अजूनही गुरुवारी संध्याकाळी 'जरा बघून घे गं, उद्या लाइव्ह करायचंय' असा मेसेज येतो? दुसरं असेल तर तू क्वालिटी इंजिनीअर नाहीस, तू तीच टेस्टर आहेस, फक्त आता चार जणींचं काम एकटी करतेस. हे मॅनेजरला सरळ विचार, भांडून नको, पण मेलवर विचार. स्टोरी (नवीन फीचरचं वर्णन) लिहिताना मी असणार का, प्रॉडक्शनचे लॉग (लाइव्ह ॲपमध्ये काय घडलं त्याच्या नोंदी) आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी मला दिसणार का, शिकायला कामाच्या वेळातला वेळ मिळणार का, आणि हो, पगाराचं काय. घरून काम करायचं चालू राहील ना हेही त्याच मेलमध्ये लिहून घे, कारण मीटिंगा वाढल्या की 'पुण्याला ये' हे आज ना उद्या निघणारच.

अजून एक. शेवटी 'क्यूएची सही' अशी काही पद्धत ठेवत असतील तर नम्रपणे नको म्हण. धोका काय आहे, कोणाला आहे, किती मोठा आहे हे सांगणं तुझं काम. तरीही लाइव्ह करायचं का हे ठरवायचं काम ज्याच्याकडे धंद्याचा हिशोब आहे त्याचं. अधिकार नसताना सही असली की पहिला बळी कोणाचा जातो ते तुला सांगायला नको.

आता तुझा तो फोंडाघाटचा बग, मला तर सगळ्या पत्रात तोच आवडला. तू त्याचा उल्लेख रडगाणं म्हणून केलायस आणि मला त्यात तुझा पुढचा पगार दिसतोय. झालं काय ते बघ. पैसे गेले, ऑर्डर सर्व्हरवर पोचली, पण 'झालं' हे उत्तर परत येईपर्यंत घाटात नेट तुटलं. ॲपला उत्तर मिळालं नाही आणि त्याने परस्पर ठरवून टाकलं की फेल. खरं तर त्याला एवढंच माहीत होतं की आपल्याला माहीत नाही! तिथे 'फेल' न दाखवता 'तपासतोय' दाखवायला हवं, नेट आल्यावर आधी सर्व्हरला विचारायला हवं की या ऑर्डरचं काय झालं, आणि परत दाबलं तरी तोच ऑर्डर नंबर जायला हवा म्हणजे सर्व्हर म्हणेल ही तर आधीच आली आहे. याला आयडेम्पोटन्सी म्हणतात, शब्द अवघड आहे, गोष्ट नाही. २०२५ मध्ये यूपीआयवर महिन्याला १८०० कोटींच्या वर व्यवहार होत होते, त्यातले घाटातले, लोकलमधले, लग्नाच्या हॉलमधले किती असतील विचार कर.

डेव्हलपर म्हणाला माझ्याकडे होत नाही, आणि तो खोटं बोलत नव्हता, पुण्यातल्या ऑफिसच्या वायफायवर ते होणारच नाही. म्हणून बग लिहिताना 'फोंडाघाटात होतं' असं लिहू नकोस, त्याला फोंडाघाट टेबलावर नेऊन दे. वेब ॲप असेल तर प्लेराइटमध्ये (ब्राउझर आपोआप चालवून टेस्ट करणारं टूल) रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत जाऊ द्यायची आणि उत्तर तेवढं वाटेत अडवायचं हे चार-पाच ओळींत जमतं, मोबाइल ॲप असेल तर चार्ल्ससारखा प्रॉक्सी (फोन आणि सर्व्हरच्या मध्ये बसणारा प्रोग्राम) लावून तेच करता येतं. मग रिपोर्टात लिही की उत्तर अडवलं की दर वेळी दोन ऑर्डरी पडतात, गिऱ्हाइकाचे दोन पेट्यांचे पैसे अडकतात, आणि हे सगळं एप्रिल-मे मध्ये जेव्हा सपोर्टचा फोन आधीच खाली ठेवता येत नाही. हा बग कोण बंद करतो बघू. आणि ती चार ओळींची टेस्ट कायमची ठेवून दे, ॲपच्या प्रत्येक नव्या बिल्डला (आवृत्तीला) आपोआप चालेल. झालं की गं तुझं ऑटोमेशन सुरू, त्यासाठी चाळीस हजारांचा क्लास लावायची गरज नाही.

सगळं एकदम शिकायला जाऊ नकोस, सगळं येणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. पोस्टमन नावाचं टूल घेऊन एपीआय (ॲप सर्व्हरशी ज्यातून बोलतं ती दारं) नुसते हाताने मारून बघ (पोस्टमन आपल्याकडचाच, बंगळुरूत जन्मलेला), दोन तक्ते जोडण्याइतकं एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) आणि गिट (कोडमधले बदल जपणारं टूल) येऊ दे, त्यानंतर प्लेराइट. प्लेराइटसारखंच जुनं टूल सिलेनियम २००४ पासूनचं आहे आणि जुन्या प्रोजेक्टात अजून भरपूर आहे, पण नव्याने सुरू करणारीला मी सांगीन प्लेराइट, दोन्ही फुकटच आहेत. परफॉर्मन्सचं म्हणशील तर गणपतीच्या गाड्यांचं रिझर्वेशन उघडतं त्या सकाळी वेबसाइटचं काय होतं ते कोकणातल्या माणसाला समजवायला नको, तुमच्याकडे हापूसचं पहिलं बुकिंग उघडतं त्या दिवशी तेच होत असणार, जेमीटर (खोटी गर्दी पाठवणारं टूल) लावून तो एक दिवस आधी खोटा खोटा करून बघ.

पण एका विषयात खोल जा. आणि तिथे माझा सल्ला जरा वेगळा आहे, सगळे सिक्युरिटी आणि एआयकडे धावतायत, तू ॲक्सेसिबिलिटी (अपंग, वयस्कर सगळ्यांना ॲप वापरता येणं) आणि मराठी या दोन गोष्टी धर.

का सांगते. बँकेचं किंवा सिमचं ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) करताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला सांगतात, समोर जिवंत माणूस आहे की फोटो हे बघायला. ॲसिड हल्ल्यात ज्यांचे डोळे गेले, पापण्या मिटत नाहीत, त्यांनी काय करायचं? हे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि ३० एप्रिल २०२५ ला कोर्टाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि केवायसीची पद्धत बदलायला एकूण २० निर्देश दिले. आता विचार कर, ते फीचर कागदावर असताना त्या खोलीत एक जरी माणूस असता ज्याने विचारलं असतं की 'आणि ज्याला मिचकवताच येत नाही तो?' तर... तो प्रश्न विचारणं म्हणजे हे काम, आईला हेच सांग. युरोपात तर २८ जून २०२५ पासून ॲक्सेसिबिलिटीचा कायदाच लागू झालाय, तिथले क्लायंट असलेल्या कंपन्या असं काम येणारी माणसं शोधणारच. सुरुवात करायला काही लागत नाही, फोनमध्ये टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) चालू कर, डोळे मीट आणि तुमच्याच ॲपवर एक पेटी मागवून दाखव. मग फॉन्ट सर्वात मोठा करून बघ, म्हणजे बाबा फोन हातभर लांब धरून जे बघतात ते तुला दिसेल.

आणि मराठी. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा असतो, देवनागरीत तोच ७० वर संपतो, म्हणजे 'तुमची ऑर्डर निघाली आहे' वाला मेसेज मराठीत केला की तो दोन-तीन मेसेजचा होतो आणि बिल तेवढ्या पटीत येतं, हे फीचर मंजूर करताना कोणाच्या डोक्यात नसतं. पीडीएफ बिलात वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन बसते. नावाच्या रकान्यात कुऱ्हाडे टाकून बघ, गोऱ्हे टाकून बघ, तो ऱ्ह नीट उमटतो का ते बघ, मग तेच नाव शोधात सापडतं का ते बघ. पुण्यातल्या टीमने इंग्रजीत 'टेस्ट युजर वन' टाकून सगळं पास केलेलं असतं. हे बग तुझ्याशिवाय कोणाला दिसणार?

एआयचं थोडक्यात. त्याला सांगितलं तर तो क्षणात पन्नास टेस्ट लिहून देतो आणि सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, दाखवतो. हिरवी दिसली की आधी ती लाल करून बघ, म्हणजे मुद्दाम कोड बिघडव आणि टेस्ट पकडते का बघ, नाही पकडली तर ती टेस्ट नाही, शोभेची वस्तू आहे. तुमच्या ॲपमध्येच चॅटबॉट येणार असेल तर प्रकार वेगळा, एकाच प्रश्नाला तो दोनदा दोन उत्तरं देतो, तिथे अपेक्षित उत्तर अमुक असं लिहून चालत नाही, उत्तरात काय असलंच पाहिजे आणि काय कधीच येता कामा नये हे ठरवावं लागतं. आणि कृपा करून गिऱ्हाइकांचे खरे नंबर-पत्ते असलेले लॉग त्या एआयमध्ये चिकटवू नकोस, टेस्टिंगच्या डेटाबेसमध्ये पण खरा डेटा ठेवू देऊ नकोस, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे तो काही उगाच नाही.

मॅनेजरला हे सगळं जास्त वाटत असेल तर १९ जुलै २०२४ ची आठवण करून दे. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षेच्या कंपनीचा एक अपडेट गेला आणि जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. कारण काय तर त्या फाइलमध्ये २१ रकाने अपेक्षित होते आणि प्रोग्राम २० च पुरवत होता. टेस्टिंग झालं नव्हतं असं नाही हं, झालं होतं, पण टेस्टमध्ये त्या एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' असं भरलेलं होतं त्यामुळे तो कधी तपासलाच गेला नाही. वर तो अपडेट थोड्या मशीनवर आधी, मग बाकीच्यांवर असा टप्प्याटप्प्याने न जाता एकदम सगळीकडे गेला. यात 'नुसती सेटिंगची फाइल असली म्हणून ती टेस्ट नको का करायला' आणि 'सगळ्यांना एकदम कशाला पाठवायचं' हे दोन्ही विचारायला तुझ्यासारखंच कोणीतरी लागतं, आणि तेही रिलीजच्या आदल्या संध्याकाळी नाही.

सर्टिफिकेटचं विचारलं नाहीस तरी सांगते, कारण पुढचं पत्र तेच येईल. आयएसटीक्यूबी फाउंडेशन ही टेस्टरची पहिली परीक्षा म्हणजे ४० प्रश्न, २६ बरोबर आले की पास, इंग्रजी मातृभाषा नसेल तर ६० ऐवजी ७५ मिनिटं मिळतात. कंपनी पैसे देत असेल तर परीक्षा दे, बोलायला एकसारखे शब्द मिळतात आणि एचआरच्या चाळणीतून रेझ्युमे पुढे सरकतो. बग सापडायला त्याचा उपयोग होतो असं मला काही दिसलेलं नाही.

आता बोलायला कोणी नाही याचं. हे मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त गंभीर वाटतं. पूर्वी क्यूए टीम होती तेव्हा निदान शेजारच्या खुर्चीतली विचारायची 'हे तुला पण विचित्र वाटतंय ना?', आता प्रत्येक टीममध्ये एकच म्हणजे सात डेव्हलपरमध्ये तू एकटी, आणि एकट्या माणसाला दोन महिन्यांत वाटायला लागतं की आपणच किरकिरे आहोत. म्हणून पहिलं काम, कंपनीतल्या ज्या बाकीच्या क्यूए आता वेगवेगळ्या टीममध्ये विखुरल्या त्यांचा आठवड्यातून अर्धा तास कॉल चालू ठेव. मॅनेजरची परवानगी मागत बसू नकोस, कळवून टाक.

बाहेरचं म्हणशील तर पुण्याला जायची गरज नाही. २००९ मध्ये बंगळुरूच्या काही टेस्टर मंडळींनी वीकेंड टेस्टिंग नावाचा प्रकार सुरू केला होता. शनिवार-रविवारी सगळे स्काइपवर जमायचे, एखादं सॉफ्टवेअर घ्यायचे, तासभर सगळे मिळून ते तपासायचे आणि मग कोणी काय पाहिलं, का पाहिलं, काय सुटलं यावर बोलायचे. ते पुढे परदेशातही पसरलं. बघ ना, त्यात भाषण नाही, स्पॉन्सर नाही, पिझ्झा नाही. नुसत्या शेवटच्या गप्पा, ज्यात कळतं की आपल्याला जे दिसलं ते दुसऱ्याला दिसलंच नाही आणि त्याला जे दिसलं ते आपल्या बापजन्मी सुचलं नसतं. मला विचारशील तर टेस्टर घडतो तो तिथे.

हे तू कुडाळमध्ये बसून करू शकतेस. घरून काम करणारे कणकवलीत आहेत, सावंतवाडीत आहेत, वेंगुर्ल्यात आहेत, रत्नागिरी-चिपळूणकडे तर भरपूर आहेत, फक्त एकमेकांना माहीत नाहीत, प्रत्येकाला वाटतं आपल्या वाडीत आपणच एक. चार जणी मिळाल्या तरी पुरे. तपासायला कंपनीचं ॲप घेऊ नका, स्क्रीनशॉटसुद्धा नको, त्याने नोकरी जाईल. फायरफॉक्स घ्या, लिबरऑफिस घ्या, दोन्हीकडे कोणालाही बग टाकता येतो आणि दोन्हींना मराठी आहे. तिथे नीट लिहिलेला बग तुझ्या नावाने सगळ्यांना दिसतो, मुलाखतीत लिंक देता येते, जे कंपनीतल्या सहा वर्षांच्या कामाचं कधी दाखवता येत नाही. रात्री नऊनंतर ठेवा, आणि पावसाळ्यात लाईट जाणार हे धरून चाला, ज्याची गेली तो दुसऱ्या दिवशी लिहून टाकेल.

बाबांना म्हणावं फॉर्म भरते, भरायला काय जातं. पण अभ्यास कर तो तलाठी व्हायचं असेल तर, या बदलाला घाबरून नको. मॅनेजरचं उत्तर येऊ दे, सहा महिने बघ, स्टोरी लिहिताना बोलावत नसतील आणि पगारही तेवढाच असेल तर हेच काम दुसरीकडे शोध, तोपर्यंत तुझ्याकडे दाखवायला काहीतरी असेल.

आणि ग्रुप काढलास तर मलाही घे त्यात. पहिली प्रत्यक्ष भेट ठेवायची तर चतुर्थीला ठेव, तेव्हा पुण्या-मुंबईचे टेस्टर आपसूक गावात असतात. फक्त पाचव्या दिवशी विसर्जन झाल्यावर आणि परतीच्या गाडीच्या आधी ठेव, एरवी कोणी येणार नाही.